ढोरांचे डॉक्टर आमदार होतात

मागच्या महिन्यात वरोऱ्याहून एक निवृत्त मुख्याध्यापक मला भेटायला आले. हातात पेढ्यांचा पुडा होता, त्यावरूनच मी ओळखलं की गृहस्थ उभे राहणार आहेत. चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मोरेश्वरभाऊ, राजकारणात आता बाहेरची माणसं आली पाहिजेत. आयुष्य पाहिलेली, अनुभवी. तुमचं काय मत?"

मी निवृत्त झाल्यापासून असे पाहुणे येतच असतात. कधी वनखात्यातून उतरलेले रेंजर येतात, कधी बँकेचे मॅनेजर. एकदा एसटीचे कंट्रोलर आले होते. त्यांचं म्हणणं असं, की ज्याने दिवाळीच्या गर्दीत अहेरीचा स्टँड सांभाळला तो राज्य सहज सांभाळेल. मी आमदारांचा पीए होतो, म्हणजे मला आतलं काहीतरी ठाऊक असणार, असं सगळ्यांना वाटतं. ठाऊक आहेच. पण ते एका वाक्यात सांगता येत नाही, आणि समोरच्याचे पेढे खाल्ल्यावर त्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून संपादकांनी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' म्हटलं, तेव्हा ठरवलं की हेच लिहून टाकावं. पुढचा पाहुणा आला की अंक त्याच्या हातात द्यायचा आणि आपण पेढा खायचा.

पीए म्हणजे साहेबांची बॅग धरणारा माणूस, असा लोकांचा समज आहे. बॅग ड्रायव्हरही धरतो. पीएचं खरं काम नाही म्हणणं. आमदार मतदाराला कधी नाही म्हणत नाही. पोराची नोकरी, पोरीची बदली, शेतावरची डीपी, रुसलेला जावई, सगळ्याला साहेबांचं उत्तर एकच, "होऊन जाईल." माणूस खुशीत बाहेर येतो. बाहेर मी बसलेला. पुढे कित्येक महिने तो माझ्याकडे खेपा घालतो आणि मी त्याला ते 'नाही' थोडं थोडं करून देतो. फाइल वर गेली. फाइल खाली आली. त्रुटी निघाली. तो अधिकारीच बदलून गेला. शेवटी माणूस मला शिव्या देतो आणि मत साहेबांना देतो. दोन साहेबांकडे मी ही नोकरी केली. दोघेही राजकारण्यांच्या घरातले, पाळण्यातच भाषण ऐकलेले. शिव्या खाऊन माझी तब्येत कधी बिघडली नाही.

या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती म्हणजे समोरचा फोन. गावची दहा माणसं रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन आली की साहेब त्यांच्यासमोर इंजिनियरला फोन लावायचे. "मला कारण नको! काम उद्या सुरू झालं पाहिजे!" आवाज असा की बाहेर बांधलेली बकरी दचकावी. माणसं एकमेकांकडे बघायची, साहेबांनी कसा झापला म्हणून. दुसऱ्या दिवशी इंजिनियर मला विचारायचा, "मोरेश्वरभाऊ, कालचा फोन समोरचा होता की मागचा?" मी म्हणायचो, "समोरचा." "बरं, बरं," म्हणून तो आपल्या कामाला लागायचा. ज्या कामाची साहेबांना खरी गरज असे, त्यासाठी ते फोनच करत नसत. सकाळी चहा पिता पिता मला हळूच सांगत, आणि मी मागून फोन करत असे. समोरचा फोन समोरच्या माणसांसाठी असतो, हे खात्यातल्या शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. यात कोणाला काही गैर वाटत नाही, लग्नात 'जेवून जा' म्हणावं तसं ते असतं.

अशा सुरळीत चाललेल्या जगात देवाजी डॉक्टर आले.

देवाजी डॉक्टर ढोरांचे डॉक्टर. गोंडपिपरीपासून अहेरीपर्यंत सगळीकडे सरकारी नोकरी केलेले. उंच, काळे, हात कोपरापासून लांब, आणि आवाज गोठ्यात बोलायची सवय असल्याने हळू. निवृत्त होऊन घरी बसले होते. त्या निवडणुकीत दोन मोठ्या पुढाऱ्यांचं आपसात फाटलं, आणि काही पोरांनी गंमत म्हणून डॉक्टरांना अपक्ष उभं केलं. गंमत अंगाशी आली, डॉक्टर निवडून आले. ज्या दारात ते मत मागायला गेले, त्या दारातला बैल किंवा म्हैस त्यांनी कधी ना कधी वाचवलेली होती. माझे दुसरे साहेब याच निवडणुकीत पडले, म्हणून मी रिकामा होतो. डॉक्टर स्वतः माझ्या घरी आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "मोरेश्वर, मले यातलं काही समजत नाई. तू ये."

मी गेलो. मनात म्हटलं, नवा गडी आहे, वर्षभरात तयार करू.

पहिल्याच आठवड्यात एक बाप पोराला घेऊन आला. पोराला वनरक्षक करायचं होतं. डॉक्टरांनी पोराला उभं केलं, मागून पुढून पाहिलं, बैल पाहावा तसंच, आणि म्हणाले, "नाई होत. छाती भरत नाई याची. शिफारशीनं छाती वाढत नसते. सकाळी धावायले लावा, पुढच्या भरतीले पाहू." बाप बाहेर आला. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. अख्ख्या आयुष्यात त्याला कोणत्या पुढाऱ्याने नाही म्हटलं नव्हतं. माझ्या टेबलापाशी येऊन तो हळूच म्हणाला, "भाऊ, खरं सांगा, होईल ना?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू."

तेव्हाच मला कळलं की माझी नोकरी उलटी झाली आहे. आधी साहेब हो म्हणायचे आणि मी नाही. आता साहेब नाही म्हणायचे आणि लोक माझ्याकडून हो काढायला रांग लावायचे. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला चांगलं म्हणू लागले. डॉक्टर कठोर आहेत, पण मोरेश्वरभाऊ मनाचा मऊ आहे, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. बायको म्हणाली, एवढं गोड बोलता, तब्येत बरी आहे ना?

मी डॉक्टरांना एकदा समजावून पाहिलं. म्हटलं, "एवढं तोंडावर नाही म्हणू नका. राजकारणात हो म्हणायला काही लागत नाही."

ते म्हणाले, "अरे, ढोर वाचत नाई तर मालकाले सांगाच लागते. होईल बरं म्हणलं, तर तो बिचारा रोज त्याच्या तोंडात चारा कोंबत राह्यते. दुसऱ्या ढोराचा चारा भी जाते."

आमच्या धंद्यात चाऱ्याचा विचार कोणी केला नव्हता.

तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला जाणं हा आमदाराच्या कामाचा मोठा भाग. लग्न चुकलं तर माणसं रुसतात, पण तेरवी चुकली तर विसरत नाहीत. डॉक्टरांना मी तेरव्यांना नेऊ लागलो. तिथे अडचण अशी, की त्यांना माणसं लक्षात राहत नसत, ढोरं राहत. गेलेल्या माणसाच्या मुलाला जवळ घेऊन ते विचारायचे, "ती एका शिंगाची कपिली कशी आहे रे?" मी मागून डोळे वटारायचो. पण मुलगा रडता रडता सांगू लागायचा, ती मागच्या साली गेली, तिची पाडी आहे, बाबा तिला स्वतः पाणी पाजायचे. मग खरंच बापाची आठवण निघायची. दोन्ही जुने साहेब अशा वेळी 'भरून न येणारी पोकळी' म्हणायचे. पोकळीने कोणाला रडू आलेलं मी पाहिलं नव्हतं.

लोक ढोरंही कार्यालयात आणू लागले. एकदा उपविभागीय अधिकारी साहेब पाणीटंचाईची बैठक ठरवून आले, तर आमदार मागच्या अंगणात होते. एका गाईत खांद्यापर्यंत हात घातलेला. डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "बसा साहेब. वासरू आडवं आहे." साहेब तरुण होते, चांगल्या घरचे होते. ते खुर्चीवर बसले, मग उभे राहिले, मग शर्टाच्या बाह्या वर करून बादली धरायला गेले. वासरू सुखरूप बाहेर आलं. टँकरचं गाव त्या दिवशी एकही ठरलं नाही, पण जाताना साहेब फार खुश होते. मी कपाळाला हात लावला.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. आता हळदटोल्याचं सांगतो.

हळदटोला हे नदीपलीकडचं गाव. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं अलीकडे. उन्हाळ्यात माणसं वाळूतून चालत येतात. पावसाळ्यात मागून जंगलाची वाट आहे, पण तिच्यावरचे नाले भरले की तीही बंद. मग एकच आधार, दौलतचा डोंगा, म्हणजे बांबूने ढकलायची लाकडी होडी. दौलत शेंडे हा ढिवर, पिढीजात नावाडी-मासेमार माणूस. त्याचा बाप डोंगा चालवायचा, त्याचा आजाही. गाव त्याला धान्य द्यायचं, बाहेरचे लोक पैसे द्यायचे. शाळेच्या पोरी, बाळंतीण होणाऱ्या बाया, पोलिसपाटील, शिक्षक, सगळे त्याच्याच डोंग्यातून.

या गावाला पूल देण्याचं काम माझ्या आधीच्या दोन्ही साहेबांनी फार मनावर घेतलं होतं. इतकं, की तीनदा भूमिपूजन केलं. तिन्ही वेळा मी हजर होतो. कार्यक्रम पलीकडच्या काठावर असायचा, गाव तिथे असल्यामुळे. त्यामुळे साहेब, ठेकेदार, भटजी, नारळ आणि फोटोवाला, सगळे दौलतच्या डोंग्यात बसून पुलाच्या भूमिपूजनाला जायचे. दौलत बांबू टेकवत टेकवत म्हणायचा, "पुलाचा नारळ फोडायले डोंगाच लागते, साहेब." साहेब मनापासून हसायचे. कोनशिलांपैकी एकीवर बाया कपडे धुतात, आणि दुसरीला दौलत डोंग्याचा दोर बांधायचा. गावाने पुढाऱ्यांचं काही वाया जाऊ दिलं नाही.

डॉक्टर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हळदटोल्याचा पूल घेऊन मंत्र्यांकडे गेले. मी सोबत होतो. मंत्री मोठे मोकळे गृहस्थ. त्यांनी डॉक्टरांना शेजारी बसवलं, सगळं ऐकून घेतलं, संत्र्याची फोड दिली आणि आमच्यासमोर फोन लावला. "हळदटोल्याचा पूल. पुढच्या पावसाळ्याआधी माणसं त्यावरून चालली पाहिजेत. मला कारण नको!" फोन आपटला. डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. मी मंत्र्यांच्या पीएकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मान खाली घातली. एका धंद्यातली माणसं.

गाडीत मी म्हटलं, "डॉक्टर, तो फोन समोरचा होता."

"समोरच तर केला! माझ्या कानानं ऐकलं!"

मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. समोरचा म्हणजे काय, मागचा म्हणजे काय. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू मीच आजारी आहे. "एवढा मोठा माणूस खोटा फोन काऊन करेल? नाई म्हणायले त्याले काय तरास होता? मी रोज म्हणतो." बुटीबोरी आल्यावर ते हळूच म्हणाले, "तू फार दिवस या लोकांत राह्यला, मोरेश्वर. तुले सगळेच तसे दिसून राह्यले."

मी एवढंच मागितलं, की गावात बोलू नका. ते हो म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना ते पाळायचंही होतं.

पण संक्रांत होऊन गेल्यावर हळदटोल्यात पोलिसपाटलाच्या आईची तेरवी आली. आम्ही डोंग्यात बसलो. नदी शांत होती, डोंग्यात गावची चार माणसं होती. मध्यावर आल्यावर दौलतने सहज विचारावं तसं विचारलं, "डॉक्टर, आमच्या पुलाचं काई होईल का जी?" मी डोळे मिटले आणि त्यांच्या नाहीची वाट पाहू लागलो. इतक्या दिवसांत मी त्या नाहीवर कधी एवढी आशा ठेवली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "हो. होईल. पुढच्या पावसाळ्याच्या आंधी."

दौलतचा बांबू पाण्यातच थांबला. डोंगा धारेबरोबर आडवा होऊ लागला. ज्या माणसाने जिल्ह्यात कोणाला हो म्हटलं नव्हतं, त्याने हो म्हटलं होतं.

त्यानंतर मी हळदटोल्याला गेलो तो थेट उन्हाळ्यात, एका लग्नाला. वाळूतून चालत पलीकडे गेलो तर काठावर नवी टपरी. बांबूच्या तट्ट्या, वर मेणकापड, एक बाक, स्टोव्ह, बरणीत बिस्किटं. समोर कोरडी नदी. आत दौलत, इस्त्रीचा शर्ट घालून. "या मोरेश्वरभाऊ! पुलाचा पहिला चाय तुमाले!" त्याने हिशोब केला होता की पूल बरोबर इथे उतरणार, म्हणजे रहदारी टपरीसमोरूनच जाणार. गावातल्या एकाने मोटारसायकलही घेऊन ठेवली होती. ती घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून घरापर्यंत चालवत तो पुलाची वाट पाहत होता.

चहा चांगला होता. पिता पिता माझी नजर काठावर गेली. "डोंगा कुठे आहे दौलत?"

"इकला."

"विकला?"

"वैनगंगेच्या घाटावर एका बुढ्याले देला. टपरीले पैसे लागले ना." माझा चेहरा पाहून तो हसला. "भाऊ, साहेबलोकांनी तीनदा नारळ फोडला, तीनही बार मी डोंग्याले नवं डांबर लावलं. मले मालूम होतं. डॉक्टरनं नारळ नाई फोडला, काई नाई. नुसतं हो म्हणलं. म्हणून इकला."

मी परत येताना वाळूत दोनदा बसलो. उन्हामुळे, असं मी सोबतच्यांना सांगितलं.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे इंजिनियरला फोन लावला. इंजिनियर बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "साहेब, मंत्रीसाहेबांचा फोन आला होता ना. पण तो समोरचा होता, हो ना? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. मंत्र्यांकडे ते खातंही राहिलं नव्हतं.

मी धंद्याला जागून उपाय सांगितला. "मंजूर झाला आहे, निधी यायचा आहे, असं सांगू. यात खोटंही फार नाही." असे उपाय मी आयुष्यभर केले होते आणि लोकांना ते मानवतात, हेही मला माहीत होतं.

"ढोर मेलं, मोरेश्वर," ते म्हणाले. "सांगाच लागते."

निघायच्या आतच पाऊस आला. त्या वर्षी तो लवकर आला आणि जोरात आला. आम्ही घाटावर पोचलो तेव्हा नदी लाल होऊन दोन्ही काठ धरून चालली होती. पलीकडे हळदटोला, मधे पाणी, आणि माफी मागायला जायलाही डोंगा नव्हता. पाण्याच्या आवाजात माणसाचा आवाज पोचेना. शेवटी प्रचाराच्या जीपवरचा भोंगा चालू केला. पलीकडे गाव जमलं. छत्र्या, पोती पांघरलेली माणसं, शाळेच्या पोरी, आणि सगळ्यांच्या पुढे टपरीसमोर दौलत.

त्या भोंग्यातून मी किती घोषणा ऐकल्या असतील! रस्ता देणार, वीज देणार, कारखाना आणणार. डॉक्टरांनी माइक धरला आणि आपल्या गोठ्यातल्या हळू आवाजात म्हणाले, "मी देवाजी डॉक्टर बोलून राह्यलो. पूल होत नाई. मंजूरच झाला नाई. मले दुसऱ्यानं सांगितलं ते मी खरं मानलं, न तुमाले सांगितलं. माही चूक झाली."

कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. मला वाटलं होतं की निदान ओरडतील. दौलत एकटाच पाण्याच्या कडेला आला, दोन्ही हात तोंडाशी धरून जीव तोडून ओरडला, आणि तुटक तुटक ऐकू आलं, "मंग आता आमी कसं यावं?"

डॉक्टरांनी भोंग्यातून सांगितलं, "थांबा. डोंगा आणतो." दुसऱ्यांदा हो.

वैनगंगेच्या घाटावरचा म्हातारा डोंगा द्यायला तयार नव्हता. त्याचंही बरोबर होतं. मासोळीचा हंगाम तोंडावर होता आणि त्याचा जुना डोंगा गळत होता. डॉक्टर त्याच्या ओसरीवर बसून राहिले. मी म्हटलं, आमदारसाहेब स्वतः आले आहेत, काहीतरी विचार करा. म्हातारा फटकन म्हणाला, "आमदाराले तर मी देतच नाई." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "पण तुमी इथी पुरात आले होते, ढोराईले घटसर्प आला तवा. माह्याच डोंग्यात बसून सुया देत फिरले. त्या डाक्टरले देतो." व्यवहाराचं त्यांनी आपसात मिटवलं. डोंगा ट्रॅक्टरवर चढवला. पुढे भोंग्याची जीप, मागे ट्रॅक्टर, त्यावर डोंगा आणि डोंग्यात छत्री धरून म्हातारा. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, निवडणूक लागली.

पाणी थोडं उतरल्यावर म्हाताऱ्यानेच डोंगा पलीकडे नेला. आत डॉक्टर आणि जीव मुठीत धरून मी. काठाला लागताच दौलत गुडघाभर पाण्यात आला आणि म्हाताऱ्याच्या हातातला बांबू त्याने आपल्या हातात घेतला. डॉक्टरांकडे त्याने पाहिलं नाही. पोरी दप्तरं घेऊन उभ्या होत्या, त्यांना बसवलं आणि निघाला.

तर मुख्याध्यापक महाराज, एका बाहेरच्या, अनुभवी, सच्च्या माणसाच्या आमदारकीचं फळ हे असं. गावाकडे आधी जो डोंगा होता, तो त्याने गावाला परत मिळवून दिला. माझ्या जुन्या दोन्ही साहेबांनी त्या गावाला किती थापा मारल्या, पण त्यांच्यापायी गावाचा एक दिवस बुडाला नाही. कारण त्यांच्या शब्दावर कोणी पाऊल उचलत नव्हतं. माणसं नारळाचं खोबरं खायची आणि डोंग्याला डांबर लावायची. डॉक्टरांवर त्यांनी विश्वास ठेवला आणि पाण्यात गेली. हे मी हसत हसत लोकांना सांगत आलो आहे, पण मनातून मला ते कधीच हसण्यासारखं वाटलं नाही. मला त्या माणसाचा फार लोभ होता. तसा साहेब मला पुन्हा मिळाला नाही आणि मी शोधलाही नाही.

पुढची निवडणूक जवळ आली. हळदटोल्याचं सोडलं तर लोकांचं डॉक्टरांशी वाकडं नव्हतं. उलट भोंग्यावर चूक कबूल करणारा आमदार म्हणून त्यांचं नाव झालं होतं. अंगणात रोज माणसं, उभे राहाच म्हणून. डॉक्टर कोणालाच उत्तर देत नव्हते. मला एकदा म्हणाले, "हळदटोल्यात जाऊन विचारतो म्हणतो. ते म्हणतील तसं." पण जायचा धीर होत नव्हता त्यांना. ज्याला वाघाने मारलेल्या ढोरांचे पंचनामे एकट्याने जंगलात जाऊन करायची सवय, तो माणूस नदी ओलांडायला भीत होता.

शेवटी दौलतच आला. बाजाराचा दिवस होता. सरळ आत येऊन डॉक्टरांसमोर खाली बसू लागला, डॉक्टरांनी हात धरून खुर्चीवर बसवलं. पोरगी दहावी पास झाली, हे सांगितलं. टपरी मोडून तट्ट्या गोठ्याला लावल्या, हेही सांगितलं. मग म्हणाला, "डॉक्टर, लोक म्हणतात तुमी उभे राह्यत नाई. काऊन? आमच्यापायी?"

डॉक्टर त्याच्यासाठी तांब्यातून पाणी ओतू लागले.

"आमचा राग नाई जी," दौलत म्हणाला. त्याचा आवाज इतका मायेचा होता, की मी कागद चाळल्यासारखं करू लागलो. "अख्खं गाव तुमालेच मत देते. बिनधास्त उभे राहा. पूल करतो म्हणायचं असन तर तेही म्हणा, काई हरकत नाई. आता तुमच्या बोलण्यावर भी कोनी डोंगा इकत नाई."

डॉक्टरांनी मान हलवली. सावकाश उठले, दौलतच्या खांद्यावर हात ठेवला, पोरीला पुढे शिकव म्हणाले, आणि आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

मी दौलतला फाटकापर्यंत सोडायला गेलो. अंगणातली माणसं आमच्याकडे आशेने पाहत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डॉक्टर उभे राहत नाहीत." कोणी तरी म्हणालं, बघू म्हणा ना भाऊ. मी म्हटलं, नाही, राहत नाहीत.

दौलत गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी तर त्याईले बरं वाटावं म्हणून आलो होतो, भाऊ. काई वावगं बोललो का मी?"

"नाही रे," मी म्हटलं. "चांगलंच बोलला तू."